पिठाच्या डब्यातला फोन

इंदिरानगरातल्या श्यामलाला सवत होती, आणि त्या सवतीचं नाव होतं हिरामण. हसू नका. साठी उलटलेला, टकला, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. पण श्यामलाचा जळफळाट व्हायचा तो त्याच्याच नावानं.

तिचा नवरा दिवाकर जवळच्या द्वारका चौकात स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला. लग्नाआधीपासूनचा पिणारा. हिनं काय काय करायचं बाकी ठेवलं? शपथा घालून झाल्या, बाटल्या मोरीत ओतून झाल्या, रुसून माहेरी जाऊन झालं. रस्त्यावरून उचलून आणलं तेही हिनंच. तेव्हा हा बाबा ढिम्म! आणि दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जायला लागला, तिथं हिरामण भेटला, तसा झाला की सुतासारखा सरळ. मग उठता-बसता 'हिरामणभाऊ म्हणाले'. तल्लफ आली की फोन हिरामणला, तोही गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन. वर्ष पुरं झालं तेव्हा मीटिंगमध्ये केक कापला. पहिला घास कुणाला? हिरामणला! श्यामला जरीची साडी नेसून मागच्या खुर्चीत टाळ्या वाजवत बसली. घरी आल्यावर ती साडी तिनं बोळा करून कपाटात कोंबली.

त्या रविवारी पुतण्याची, हर्षलची हळद होती. हळद म्हणजे डीजे आला, आणि मांडवामागे बाटल्याही आल्या. सकाळपासून दिवाकरला फोन सापडत नव्हता. गडबडीत तो तसाच गेला. भर दुपारी घरी परतला तो घामानं थबथबलेला, खिसे चाचपत. श्यामला मागोमाग आली.

"माझा फोन कुठंय गं?"

"मला काय माहीत!"

माहीत नसायला काय झालं? तिनंच लपवला होता, बाजरीच्या पिठाच्या डब्यात. पूर्वी तो क्वार्टर लपवायचा तिथंच. एकदा, फक्त एकदा, यानं आपल्याशी बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

त्यानं घर पालथं घातलं आणि शेवटी भिंतीला टेकून खाली बसला.

"अहो, मला सांगा ना. त्या म्हाताऱ्याला सांगता ते मला सांगा. मी कोण लागते तुमची?"

"तुला नाही सांगता येत."

"का? मी काय मेले?"

"प्यावंसं वाटतंय असं नुसतं म्हटलं, की तुझा चेहरा कसा होतो ठाऊक आहे? त्या चेहऱ्याला भिऊनच मी परत प्यायचो."

तो उठला. चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालात?"

"मांडवात."

 तिनं धावत जाऊन डबा उघडला, कोपरापर्यंत हात घालून फोन काढला आणि स्वतःच नंबर लावला.

"हिरामणभाऊ, तुमचा माणूस निघालाय प्यायला. बोला त्याच्याशी."

दिवाकर फोन घेऊन गॅलरीत गेला. दार ओढलं. ती आत पिठाच्या हातांनी उभी. बाहेरून आधी रडणं ऐकू आलं, मग बऱ्याच वेळानं हसणं. जळाली, हो, तेव्हाही जळालीच ती. आपल्यासमोर हा असा कधी हसला?

मग दार उघडलं. त्यानं फोन पुढे केला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतात."

तिनं नाखुशीनंच कानाला लावला.

"वहिनी," हिरामण म्हणाला, "तुम्ही कशा आहात?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारायचे ते 'दिवाकर कसा आहे'.

"बरी नाही, भाऊ," ती म्हणाली, आणि गॅलरीत जाऊन तिनं दार ओढून घेतलं.