ऑक्टोबरात तुम्ही कुठे होता?

तेहिला रोहेकर राहायची ओटावात आणि विमान उडवायची हॅमिल्टनहून. गाडीने जायचं तर अर्धा दिवस रस्त्यात मोडायचा, आणि हिवाळ्यात विंटर टायर लावूनही केव्हा पोचू याचा भरवसा नसायचा. हॅमिल्टनलाच एखादा काँडो, म्हणजे फ्लॅट, घे, असं सगळे तिला सांगून थकले. पण वडील ओटावा सोडायला तयार नव्हते. एझरा रोहेकर, कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू घराण्यातले, बायको बर्था आणि लहानग्या तेहिलाला घेऊन ठाण्याहून कॅनडात आले होते. जन्मभर त्यांनी हँगरमध्ये विमानांची इंजिनं दुरुस्त केली, आणि बर्था गेल्यावर जाहीर करून टाकलं, की आता या घरातून आपण फक्त एकदाच निघणार. तेहिलाचं लग्न फार टिकलं नव्हतं. घरात बापलेक दोघंच. म्हणून ती ये-जा करायची.

एका मालवाहू कंपनीत ती कॅप्टन होती. पार्सलं, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, आणि हॅलिफॅक्सचे, ज्यूंना वर्ज्य असलेले जिवंत लॉबस्टर, ज्यांना एझरांनी आपल्या स्वयंपाकघराचा उंबरठा कधी ओलांडू दिला नसता, असं सगळं ती देशभर पोचवायची. घरी जायची वेळ आली की टोरोंटोला यायची आणि ‘ब्लू हेरॉन’ या प्रवासी कंपनीच्या विमानात जम्पसीट मागायची.

जम्पसीट म्हणजे कॉकपिटमध्ये, दोघा वैमानिकांच्या पाठीमागे भिंतीतून उलगडून काढायची एक अरुंद खुर्ची. गुडघे पोटाशी येतात, पाठ आखडते. पण विमान गच्च भरलेलं असलं तरी ती बहुधा रिकामी असते, आणि एका कंपनीच्या वैमानिकाने दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकाला ती द्यायची, असा या धंद्यातला शिरस्ता आहे. गेटवर ओळखपत्र तपासून घ्यायचं, मग कॉकपिटच्या दाराशी जाऊन आपलं नाव, कंपनी सांगायची आणि कॅप्टनला अदबीने विचारायचं. हो म्हणायचं की नाही, हे कॅप्टनच्या मर्जीवर. कारण द्यायला तो बांधलेला नाही. तेहिलाला आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं. तिनेही ब्लू हेरॉनच्या कितीतरी वैमानिकांना आपल्या मालवाहू विमानातून व्हँकुव्हर, विनिपेगला नेलं होतं. वर स्वतःच्या हाताने चहा करून पाजला होता.

मग ऑक्टोबरात ब्लू हेरॉनचे वैमानिक संपावर गेले. त्यांची विमानं जमिनीवर, आणि त्या विमानांच्या पोटातून जाणारा मालही पडून. तेहिलाच्या कंपनीने तो माल उचलायचं कंत्राट घेतलं. घेणारा होता कंपनीचा एक उपाध्यक्ष, व्हिक्टर लँग. बातमी आली तेव्हा वैमानिकांच्या खोलीत कोणी कोणाकडे बघेना. दुसऱ्याने हक्कासाठी खाली ठेवलेलं काम आपण उचलायचं, आणि उद्या तोंड वर करून त्यांच्यात वावरायचं!

पहिल्याच आठवड्यात तेहिलाच्या नावावर तसलं एक उड्डाण लागलं. तिने ते नाकारलं. वरिष्ठांनी बोलावून समजावलं, मग आवाज चढवला. ती म्हणाली, मला दुसरं कुठलंही काम द्या, हे करणार नाही. तिला कामावरून काढलं नाही, पण नव्या वैमानिकांना शिकवणाऱ्या कॅप्टनची जागा, जी तिच्या नावावर जवळजवळ झालेलीच होती, ती महिन्याभरात दुसऱ्याला गेली. कशामुळे, हे कोणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

तिचा सहवैमानिक ऋषी बापट याने मात्र ते उड्डाण केलं. तो भारतातून आलेला, त्याचं वर्क परमिट याच कंपनीशी बांधलेलं. नोकरी गेली असती तर बायको-मुलीसकट देश सोडायची पाळी आली असती. नाव लागलं तेव्हा तो तिला शोधत आला आणि पार्किंग लॉटमध्ये मान खाली घालून उभा राहिला. परवानगी मागत होता की माफी, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. तेहिला त्याला म्हणाली, जा, आणि पुन्हा माझ्यासमोर असा मान घालून उभा राहू नकोस.

संप मिटला. डिसेंबर उजाडला. त्या शरदात एझरांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. ते नीट उठून हिंडूफिरू लागले तर घरात मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा आणि फळांचा नवस, फेडू, असं तेहिलाने मनोमन एलियाहू हनाबीला, बेने इस्राएलांच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, बोलून ठेवलं होतं. तो गुरुवारी संध्याकाळी करायचा ठरला. टोरोंटोहून बेने इस्राएल मंडळी गाडी घेऊन येणार होती. शेजारच्या शोभा मावशींनी पोहे आणि नारळ आणण्याचं अंगावर घेतलं होतं. तेहिला आदल्या दिवशीचं काम संपवून हॅमिल्टनहून टोरोंटोला आली आणि गुरुवारी दुपारच्या विमानासाठी गेटवर उभी राहिली. विमान भरलेलं होतं, पण जम्पसीट रिकामी आहे असं गेटवरच्या बाईने हसून सांगितलं.

कॉकपिटमध्ये कॅप्टन ग्रँट हॅलोरन होता. पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस. शेजारी सहवैमानिक निमिष, गुजराती वळणाचा तरुण. तेहिलाने नाव सांगितलं, कंपनी सांगितली, ओटावापर्यंत न्याल का म्हणून विचारलं. कंपनीचं नाव ऐकताच हॅलोरनने हातातला कागद खाली ठेवला.

“ऑक्टोबरात तुम्ही कुठे होता?” त्याने विचारलं.

तिला प्रश्न कळायला क्षणभर लागला. कळला तेव्हा कानशिलं तापली.

“आमचा माल ज्यांनी उडवला, त्यांना माझ्या कॉकपिटमध्ये जागा नाही,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. “तुम्ही उडवला नसेल तर तसं सांगा आणि बसा. एक शब्द पुरे.”

एक शब्द. आणि तो खराही होता. त्या शब्दापायी तिची बढती गेली होती. तो उच्चारला असता तर ती संध्याकाळी घरात वडिलांच्या शेजारी बसली असती. तो तोंडाशी आलाही. पण त्याच्या मागोमाग तिला पार्किंग लॉटमधला ऋषी दिसला. ‘मी त्यातली नाही’ म्हणायचं, म्हणजे जे त्यातले आहेत त्यांना दारातून हाकलणं रास्त, असं कबूल करायचं. आपल्यासारख्याच पोटार्थी माणसांची अशी चाळण लावायची, आणि आपण वरच्या वर राहिलो म्हणून या माणसाच्या मेहेरबानीच्या खुर्चीत बसायचं?

“तुमच्याकडे जागा आहे की नाही, एवढंच मी विचारलंय,” ती म्हणाली.

“मग नाही,” हॅलोरन म्हणाला.

निमिषने तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्या काचेकडे. तेहिलाने बॅग उचलली.

आणि कॉकपिटमधून वळली तर समोर दुसऱ्या रांगेत, कोट घडी करून मांडीवर ठेवलेला, हातात संत्र्याच्या रसाचा पेला घेतलेला, व्हिक्टर लँग. ते कंत्राट ज्याने घेतलं तोच. ओटावात सरकारी कचेरीत त्याची काही बैठक असावी. त्याने तिला ओळखलं, हसून हात हलवला आणि विचारलं, “ओटावाला का?”

“नाही,” ती म्हणाली आणि खाली उतरली.

पुढे कितीतरी दिवस ती ज्याने धुमसत राहिली, ते हे. हॅलोरनने नाही म्हटलं त्याहून हे. ज्याने संपकऱ्यांच्या पाठीत सुरा खुपसायचा धंदा केला, तो तिकीट काढून आत बसला होता. हवाई सुंदरीने त्याचं स्वागत केलं होतं, आणि थोड्या वेळाने हाच हॅलोरन माईकवरून त्याला शुभ प्रवास म्हणणार होता. ऑक्टोबरात तू कुठे होतास, हे त्याला विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. सगळा न्यायनिवाडा त्या भिंतीतल्या खुर्चीपुरता. मोठ्यांनी निर्णय घ्यायचे, आणि खालच्यांनी एकमेकांची ओळखपत्रं निरखत बसायचं.

पुढच्या दोन्ही विमानांत जागा नव्हती. ती बसने निघाली. किंग्स्टनच्या अलीकडे बर्फ सुरू झालं आणि बस रांगत चालली. घरी पोचली तेव्हा मलिदा होऊन गेला होता. एझरांनी थांबता येईल तितकं पाहुण्यांना थांबवून धरलं होतं, पण टोरोंटोच्या मंडळींना रस्ता बंद व्हायच्या आत परतायचं होतं. शोभा मावशींनी तिच्या वाटणीचे गूळ-खोबऱ्याचे पोहे आणि फळं झाकून ठेवली होती.

तिने वडिलांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता एझरांचा चेहरा लाल होत गेला, तेव्हा तिला वाटलं ते हॅलोरनवर संतापलेत. पण ते तिच्यावरच उखडले.

“तू नाही उडवलंस ना? मग सांगायला काय झालं होतं? खोटं बोलायचं नव्हतं. माझ्यासाठी बोललेला मलिदा, आणि बोलणारीच नाही!”

“पप्पा, आज मी सांगितलं असतं, तर उद्या त्याच दारात ऋषी आला की त्याला काय करायचं?”

“ऋषीचं ऋषी बघेल.”

“तेच तर तो कॅप्टन म्हणत होता.”

एझरांनी काठी टेकत उठून ताट तिच्यापुढे सरकवलं. चूक झाली असं काही ते म्हणाले नाहीत. तसं म्हणायची त्यांना सवयच नव्हती. पण ती जेवेपर्यंत समोर बसून राहिले.

गोष्ट निमिषकडून फुटली. त्याला त्या दुपारनंतर राहवलं नसावं. त्याने चार ठिकाणी चौकशी केली, आणि ती बाई कोण, तिने ऑक्टोबरात काय केलं, त्याची तिला काय शिक्षा झाली, हे सगळं ब्लू हेरॉनच्या वैमानिकांत पसरलं. जानेवारीत एका सकाळी हॅलोरनचा फोन आला. तो अवघडला होता, पण मनापासून बोलत होता. मला माहीत नव्हतं, तुम्ही आमच्यासाठी एवढं सोसलंत आणि मी तुम्हाला उतरवलं, मला लाज वाटते, असं म्हणाला. यापुढे माझ्या विमानात तुमच्यासाठी कायम जागा आहे.

तेहिला खिडकीशी उभी होती. बाहेर, शस्त्रक्रियेनंतर एझरांना फावड्याने बर्फ उपसायला बंदी होती म्हणून, शोभा मावशींचा जावई त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढत होता. तिने शांतपणे विचारलं, “आणि माझ्या कंपनीतला ज्याने उडवला, तो आला तर?”

“ते वेगळं,” हॅलोरन म्हणाला.

“मग ही माफी तुमच्याजवळच ठेवा. तुम्ही मला ओळखलं नाही याचं तुम्हाला वाईट वाटतंय. मला उतरवलं याचं नाही.”

तो काही बोलायला गेला. तिने लँगचं सांगितलं. दुसऱ्या रांगेत कोण बसलं होतं, त्याने काय केलं होतं, आणि कुणी त्याच्या हातात रसाचा पेला दिला होता. फोन कोणी आधी ठेवला, हे तिला नंतर आठवेना.

त्या हिवाळ्यात ती ब्लू हेरॉनच्या दारांशी जातच राहिली. गाडीने जाणं सोपं होतं, पण मग ती दारं त्यांचीच झाली असती. कोणी जागा दिली, कोणी तोच प्रश्न विचारला. काहींनी नावावरून ओळखून, तुम्हाला विचारायचं नाही, या बसा, असं म्हटलं. अशांना ती सांगायची, की आमच्या कंपनीतल्या सगळ्यांना असंच न विचारता बसवत असाल तर बसते, नाहीतर येते मी. दोनदा तशीच परत फिरली. कंपनीतले लोक तिला हट्टी म्हणू लागले. एकाने तर म्हटलं, तुझ्या तोऱ्यामुळे आमच्याही जागा जातील. त्यावर ती त्याच्याशी कडाक्याची भांडली, आणि मग दोन्ही युनियनच्या लोकांना एकत्र बसवल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही असं तिने ठरवलं. बैठका झाल्या, आदळआपट झाली, एकदा ब्लू हेरॉनचा एक जण उठून निघूनही गेला. शेवटी बर्फ वितळता वितळता असं ठरलं, की जम्पसीट मागणाऱ्याला संपाविषयी कोणी काही विचारायचं नाही. जागा असेल तर द्यायची. कंत्राटाचं भांडण कंत्राट घेणाऱ्याशी, आणि तेही सगळ्यांनी मिळून. शिकवणाऱ्या कॅप्टनची जागा तिला परत मिळाली नाही. लँग आहे तिथेच आहे.

मे महिन्यात ऋषीच्या बायकोला ओटावाच्या कनाटा उपनगरात नोकरी लागली आणि तोही ओटावाला ये-जा करू लागला. एका दुपारी तो आणि तेहिला एकाच गेटवर आले. विमान भरलेलं, जम्पसीट एक. आत कॅप्टन हॅलोरन आहे असं कळलं, तसा ऋषी मागे सरकला. तुम्ही जा ताई, मी पुढचं बघतो, म्हणाला.

“तूच जा,” तेहिला म्हणाली. “मी दाराशी उभी राहते.”

हॅलोरनने ऋषीचं ओळखपत्र हातात घेतलं. नाव वाचलं. मान वर केली तेव्हा त्याला ऋषीच्या खांद्यामागे तेहिला दिसली. त्याचा जबडा आवळला, सैल झाला. त्याने ओळखपत्र परत दिलं आणि हाताने खुर्ची दाखवली.

“बसा. पट्टा जरा अडकतो, ओढून घ्या.”

तेहिलाने मान हलवली आणि ती वळली. गेटवर परत येऊन तिने कॉफी घेतली, वडिलांना फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं, आणि काचेतून ते विमान मागे सरताना पाहत उभी राहिली. राग गेला होता असं नाही. पुढच्या विमानाला अजून अवकाश होता.