रेंज फुल, पण आवाज जाईना

टॉवरवाल्यांना किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. दर पावसाळ्यात चार-पाच आपोआप वाढतात. जुनी मंडळी चहाला बसली की कुणीतरी म्हणतंच, "तो शिरूरचा सांग." सगळे हसतात. मीही हसतो, पण मला अजून राग येतो.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. शिरूर आणि दौंड तालुक्यातले मोबाईल टॉवर माझ्याकडं होते. खाली मी. वर चढायला रफिकभाई, दौंडचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. आणि पुण्यात कॉम्प्युटरसमोर आमचे साहेब.

टॉवरवर अँटेनाजवळ जेवणाच्या डब्याएवढा एक अॅम्प्लिफायर असतो. लोकांच्या मोबाईलकडून येणारा कमजोर सिग्नल तो वाढवून खाली पाठवतो. तो बिघडला की मोबाईलवर रेंज फुल दिसते, पलीकडचं ऐकू येतं, पण आपलं काही तिकडं जात नाही.

*

केडगावचे कांबळे गुरुजी, रिटायर झालेले. त्यांनी रांजणगावच्या कंपनीत असलेल्या लेकीला सहज फोन लावला. तिला नुसती खरखर. परत लावला, परत खरखर. तिसऱ्यांदा तेच झालं तशी ती शिफ्ट अर्धी टाकून, मिळेल त्या गाडीनं घरी आली. गुरुजी अंगणात पेपर वाचत बसलेले.

"मला तिचं सगळं ऐकू येत होतं," गुरुजी मला म्हणाले. "'बाबा, बोला ना' म्हणून रडत होती. मी इकडून ओरडतोय, अगं मी ठणठणीत आहे."

मी साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, "रेंज फुल आहे ना? मग त्यांना हँडसेट बदलायला सांगा."

गुरुजींना हे सांगायला मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता आम्ही अॅम्प्लिफायर बदलला.

*

रांजणगावला एका टॉवरवर तीन दिशांना तीन केबल. कुठली कुठं जाते ते कळावं म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाची टेप लावायची असते. आम्ही दोन दिवस शेताकडची बाजू दुरुस्त करत होतो आणि बिघाड होता कंपनीच्या गेटकडं. तिन्ही केबलना पिवळी टेप!

ज्या ठेकेदारानं काम केलं होतं त्याला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "लाल आन् निळी संपली हुती. पिवळी लय उरली हुती."

*

भांडगावच्या टॉवरवर रफिकभाईंनी केबलचा जॉइंट उघडला तर आतून पाणी आलं. जॉइंटवर वॉटरप्रूफ टेप गुंडाळलेलीच नव्हती.

साहेबांनी ऐकून घेतलं नाही. "काम पूर्ण झाल्याचा फोटो आहे माझ्याकडं. व्यवस्थित टेप मारलीय. तुम्हीच काढली असेल."

मी पुण्याला जाऊन फोटो बघितला. जॉइंटवर टेप सुंदर मारलेली होती. मागं समुद्र होता.

*

दौंडला एका टॉवरवर अॅम्प्लिफायर चालूच होईना. साहेब म्हणाले बदला. बदलला, तरी नाही. अजून एक बदला. रफिकभाई भर उन्हात तीन वेळा चढले, तीन वेळा उतरले. हाताला फोड आले.

शेवटी मी खालचं सामान एकेक उघडलं. वीज पडली तर मशीन वाचावं म्हणून केबलला एक तुकडा लावतात. कुणीतरी तो चुकीच्या जातीचा लावला होता. वर जाणारा करंटच तो अडवत होता. बिघाड जमिनीपासून हातभर उंचीवर!

परत पाठवलेले अॅम्प्लिफायर तपासून आले. साहेबांचा निरोप, "सगळे चांगले आहेत. मग काढले कशाला?"

रफिकभाई फोडांवर फुंकर मारत म्हणाले, "म्हंजी पेट्या चांगल्या, चढणारा खराब. आसंच ना?"

*

आता शिरूरचा. त्या दिवशी वारं इतकं सुटलं होतं की टॉवर खालून हलताना दिसत होता. साहेबांचा हुकूम आला होता, अॅम्प्लिफायर आजच बदला. मी तपासलं, तर टॉवरखालच्या खोलीतलं, अॅम्प्लिफायरला वीज देणारं कार्ड जळालं होतं. वर चढायचं कारणच नव्हतं. रफिकभाई खोलीत नवीन कार्ड बसवायला लागले आणि मी बाहेर येऊन मोबाईलवरून साहेबांना फोन लावला.

"हॅलो, रफिक चढला का?" साहेबांचा आवाज अगदी स्वच्छ.

"साहेब, चढायची गरज नाही."

"हॅलो? काही ऐकू येत नाही. हे बघा, वाऱ्याची कारणं सांगू नका. चढवा त्याला. मला आज कम्प्लेंट बंद पाहिजे. हॅलो?"

माझं त्यांना काहीच ऐकू जात नाही हे ध्यानात आलं आणि माझा तोल सुटला.

"चढवा म्हणे! तुम्ही या की चढायला. त्यांना तीन लेकरं आहेत, वरून पडले तर कुठली कम्प्लेंट बंद करणार तुम्ही? खुर्चीवर उभं राहून ट्यूबलाइट तरी बदललीय का कधी? समुद्राचा फोटो बघून भांडगाव म्हणणारी माणसं तुम्ही..."

बरंच बोललो. रफिकभाई हात पुसत दारात आले.

"झालं. हिरवा दिवा लागला."

"कधी?"

"तुमी ट्यूबलाइट म्हणाला, तवाच."

फोन अजून कानाला होता. मग साहेब म्हणाले, "आता येतोय आवाज. ट्यूबलाइटच्या आधी काय म्हणालात, ते ऐकू आलं नाही."

मी रफिकभाईंकडं बघितलं आणि पहिल्यापासून सांगितलं.