लोणावळ्यात विमलताईंचा सूर पुन्हा ऐकला

विमलताईंचं आमंत्रण आलं आणि मी घरच्या सगळ्या बेतांवर पाणी सोडून रविवारी सकाळी लोणावळा लोकल पकडली.

कार्ल्याच्या भातखाचरांत वाढलेल्या विमल साळवे युरोपात ऑपेरा गायल्या. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक, आणि सोप्रानो म्हणजे बायकांचा सगळ्यांत उंच आवाज. कॉलेजात असताना मी त्यांना एकदाच ऐकलं. मरणाऱ्या नायिकेचा शेवटचा सूर त्यांनी इतका हळू लावला, की अख्खं सभागृह पुढं झुकलं. नंतर गळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाणं थांबलं. आता त्या लोणावळ्यात शिकवतात. आज त्यांची शिष्या, कार्ल्याचीच प्रज्ञा, पहिल्यांदा एकटी गाणार होती.

मी आधी मळवलीला उतरले. कार्ल्यापर्यंत रिक्षा मिळते, भाडं मात्र बसण्याआधी ठरवा. फाट्यावर झणझणीत पिठलं-भाकरी खाल्ली. तिथं ताईंचे थोरले भाऊ, किसनभाऊ, न्यायला आले.

"खाचरात गायची, तर पार डोंगराच्या पायथ्याला ऐकू यायचं," गाडी चालवत ते म्हणाले. "आता हाक मारायची म्हटलं तरी तरास व्हतो तिला."

लोणावळ्यात शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रमाआधीची तालीम चालू होती. तोच शेवटचा सूर, आणि प्रज्ञाचा आवाज तिथंच फाटत होता. ती रडकुंडीला आली. "ताई, पट्टी उतरवूया का?"

ताईंनी तिच्या बरगड्यांवर हात ठेवला. "वर चढू नकोस," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "श्वास खाली राहू दे, जबडा सैल. सूर आपोआप येईल." मग त्यांनी माईक काढायला लावला. ऑपेरा माईकशिवायच गातात.

संध्याकाळी हॉल माणसांनी भरला. बाहेर हायवेवर ट्रक भोंगे वाजवत होते. प्रज्ञा गायला लागली. शेवटचा सूर आला तो अगदी हलका, मग भरत गेला, हॉलभर पसरला. फाटला नाही!

मागच्या रांगेत किसनभाऊ ताडकन उभे राहिले. "आला! विमल, हितवर आला!"

टाळ्या थांबेनात. प्रज्ञा ताईंच्या पायाशी वाकली. ताईंनी तिला उठवून लोकांकडे वळवलं. "त्यांच्याकडे बघ. टाळ्या तुझ्या आहेत."

परतीच्या लोकलचं वेळापत्रक आधीच बघून ठेवा. मी धावतपळत गाडी गाठली.

घरी आईनं विचारलं, "कशा गायल्या गं तुझ्या विमलताई?" ऑपरेशनचं तिला ठाऊकच नव्हतं.

"अप्रतिम," मी म्हणाले. तिच्या प्रश्नात काही दुरुस्त करावंसं वाटलं नाही.