रबराच्या दोन पट्ट्या

“मालक खोटं बोलतो, साहेब, गिअरचा खटका बोलत नाही.” असे म्हणून मिस्त्री गिअरपेटीवर उजवा तळहात ठेवी, मान फिरवी आणि मालकालाच गिअरचा दांडा पायाने दाबायला लावी. तीन खटक्यांत निदान होई. मी डॉक्टर; नाडी पाहणारा माणूस. त्या हाताबद्दल मला आदर होता.

चिंचवडला हमरस्त्यालगत त्याचे पत्र्याचे गॅरेज होते. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत मोटारसायकली मोजक्याच. बहुतेक लष्कराने लिलावात काढलेल्या. साऱ्या त्याच्याकडेच येत. कच्चे काम मात्र तो करीत नसे. एकदा एक ठेकेदार वैतागला, “मिस्त्री, सुतळीनं बांधा की राव!”

“सुतळी वाण्याकडं मिळते. तिकडं जा.”

अशी माणसे आपणही पाहिली असतील. ती सोयीची नसतात.

एका दुपारी माझी मोटारसायकल त्याच्यापुढे उघडी होती. दाबलेला दांडा जागेवर आणणारी स्प्रिंग तुटली होती; नवी घडवायला दुसरा दिवस उजाडणार होता. तेवढ्यात कुरुळीचा एक शेतकरी सायकल टाकून आत आला.

“डॉक्टर, भावजयीचं मूल आडवं आलंय. सुईणीनं हात टेकलं. चला!”

दुपारची एसटी निघून गेली होती. मी मिस्त्रीकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. उघडी गिअरपेटी बंद केली, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापल्या. एक दांड्याच्या वरून, एक खालून ताणून बांधली. दांडा दाबला. तो मधोमध परत आला.

“मी मागं बसतो,” तो म्हणाला. “कच्च्या कामाला एकटं सोडत नाही.”

वाटेत मोशीपाशी एक पट्टी तुटली. त्याने उतरून ट्यूबच्या उरलेल्या तुकड्यातून नवी कापून बांधली.

कुरुळीत मूल फिरवायला मला तासभर लागला. बाई वाचली. मूलही वाचले. बाहेर आलो, तर मिस्त्री दांड्याच्या पट्ट्या चाकूने कापून काढीत होता.

“अहो, परत जायचं आहे!”

“येताना बाईचा जीव होता, साहेब. परतीला नुसती आपली सोय आहे.”

मी बाळंतिणीपाशी थांबलो. संध्याकाळच्या एसटीतून मोशीच्या पुलावर तो मला दिसला. सदरा सीटवर, दोन्ही हात हँडलवर. मोटारसायकल ढकलीत चालला होता. चिंचवड अजून अडीच कोस होते. ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्याने गाडी कडेला घेतली, एसटीला वाट दिली, आणि वर न पाहता पुन्हा ढकलू लागला.