तांब्याच्या ताटाची परीक्षा

तुर्कस्तानातल्या वान शहरात शेहमुस उस्ता या तांबटाची भांडी जितकी नावाजलेली, तितकीच त्याची मांजरं. पांढरीशुभ्र, लांब केसांची, झुपकेदार शेपटीची. महापुरात नूह पैगंबरांची नाव डोंगराला टेकली तेव्हा इथल्या सरोवरात पहिली उडी यांच्याच पूर्वजांनी मारली, असं तो गिऱ्हाइकांना चहाबरोबर ऐकवायचा. ऐकणाऱ्याने मान डोलावली नाही, तर भांड्याचा भाव वाढायचा.

पिल्लं पाच आठवड्यांची झाली की उस्ता त्यांची परीक्षा घ्यायचा. गुपचूप मागे जाऊन तांब्याच्या ताटावर हातोडा हाणायचा. दचकून पळेल ते पिल्लू भित्रं. त्याची रवानगी खेड्यातल्या नातेवाइकांकडे. ढिम्म हलणार नाही ते सिंहाच्या काळजाचं. ते घरात राहणार, पुढची वीण त्याचीच. बावीस वर्षं हा नेम चालला. हातोड्यांच्या दणदणाटात गाढ झोपलेली मांजरं बघायला लोक गल्लीत यायचे आणि उस्ताची छाती फुगायची.

यंदा घरातल्या सेदेफ मांजरीची चारही पिल्लं हलली नाहीत. उस्ता नुसता हवेत होता. आठवडाभरात त्यांना गल्लीत मोकळं सोडायचं ठरलं. त्याआधी लस टोचायला जनावरांची डॉक्टर बेरफिन घरी आली. चौघांचेही दोन्ही डोळे निळे बघून ती जरा थबकली. तिने पिल्लं गादीवर ठेवली, मागून टाळी वाजवली, किल्ल्या खुळखुळवल्या. एकाचाही कान हलला नाही.

“उस्ता, ही बहिरी आहेत. जन्मापासून.”

उस्ता हसला. सगळ्यात मोठं ताट घेऊन तो सेदेफच्या मागे गेला आणि हातोडा हाणला. मग पुन्हा, असा की शेजारचा दुकानदार धावत दारात आला. सेदेफ आपला पंजा चाटत राहिली.

बेरफिनने समजावलं. पांढरा रंग आणि दोन्ही डोळे निळे, अशांत बहिरेपण पुष्कळदा रक्तातूनच येतं. बाकी तब्येत ठणठणीत असते, पण ऐकू कधीच येत नाही. “तुम्ही ऐकू येणारी वाटून टाकलीत उस्ता, आणि बहिरी जपलीत.”

“मी हाका मारून मारून घसा फोडायचे,” त्याची बायको झुबेदे म्हणाली, “आणि तुम्ही म्हणायचात, सिंहीण कुणाच्या हाकेला ओ देत नाही.”

उस्ताला झेरिन आठवली, सेदेफची आई. दुधाच्या गाडीने तीनदा हॉर्न वाजवला, तरी ती पाठ फिरवून गल्लीच्या मधोमध बसून राहिली आणि चाकाखाली गेली. मेली पण हटली नाही, हे नऊ वर्षं त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगितलं होतं. त्याने हातोडा खाली ठेवला.

“मी तीन पावलांवर उभा होतो,” तो म्हणाला. “उचलता आली असती. मला बघायचं होतं, ती हटते का.”

तेवढ्यात सेदेफ उठून उघड्या दाराकडे निघाली. सवयीने उस्ताने तिला हाक मारली. ती चालतच राहिली. तो धडपडत धावला, उंबऱ्यावर तिला गाठलं आणि उचलून घेतलं.