मापावरच्या काकू

अन्याय झाला तो आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेत माप धरणाऱ्या काकूंवर. दुष्काळाच्या वर्षी, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, सकाळचं दूध टँकरमध्ये गेल्यावर. चेअरमन म्हणाले, "दूध आटलंय. उद्यापासून येऊ नका." नोटीस नाही, कागद नाही. नऊ वर्षं दोन्ही वेळेला त्या मापावर उभ्या होत्या. चौथ्या दिवशी तेच माप चेअरमनच्या भाच्याच्या हातात होतं.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत, मागच्या गल्लीतल्या. त्यांचे यजमान दर दसऱ्याला ऊसतोडीला जायचे. मापाचं काम होतं म्हणून काकू मागं राहायच्या आणि पोरीची शाळा चालायची. काम गेलं म्हणजे दसऱ्याला मायलेकी दोघींना उसाच्या फडात जावं लागणार. प्रश्न एवढाच होता.

मी नुकताच कामगार हक्कांचं शिबिर करून आलो होतो. पिशवीत पत्रकं, तोंडात कलमं. काकूंना म्हणालो, "वर्षभर सलग राबलेल्या माणसाला असं तोंडी काढता येत नाही. आपण बीडला कामगार अधिकाऱ्याकडं जाऊ. संस्थेचा असेल तो कागद बरोबर घ्या."

माझा एक दोस्त पारावर म्हणाला, "कशाला पडतो रं ह्यात? चेअरमन आपलेच हायत." त्या दिवसापासून पारावर माझ्यासाठी कुणी सरकून बसलं नाही. घरात वडील बोलायचे, पण कामापुरतं.

बीडला अर्ज दिला, सुनावणीची तारीख पडली. त्या दिवशी काकू ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. वाटेत मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा मी चहा विचारला. "नगं. परत यिताना घिऊ," म्हणाल्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट धरलेली. आत काय आहे हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

अधिकाऱ्यांनी मान वर न करता विचारलं, "कामगार का तुम्ही?"

काकू ताठ झाल्या. "न्हाई साहेब. कामगार फडात असत्यात. मी संस्थेची सभासद हाय." आणि पिशवीतून काढून शेअरचा दाखला टेबलावर ठेवला. घरी देवाच्या फोटोशेजारी टांगलेला, फ्रेमसकट आणलेला. नेमणुकीचं पत्र त्यांना कधी कुणी दिलंच नव्हतं. संस्थेचा शिक्का असलेला घरातला कागद तो एकच.

संस्थेचे सेक्रेटरी हसले. "बघा साहेब. मालकिणीला कोण काढणार? स्वतःच्या संस्थेत हातभार लावत होत्या. हे आमच्या गावचे वकीलसाहेब उगीच त्यांना नोकर करायलेत," माझ्याकडं बोट करून ते म्हणाले.

मी उठून बोललो, की सभासद असला तरी दुसऱ्याच्या हुकमाखाली ठरल्या वेळेला राबणारा माणूस कामगारच असतो. दाखल्यानं त्याचा हक्क बुडत नाही. अधिकारी म्हणाले, "तुम्ही यांचे कोण?" मी पिशवीतलं पत्रक पुढं केलं. पुढची तारीख मिळाली, एका अटीवर: काकूंना मापावर काम करताना पाहिलेली माणसं घेऊन या.

परतताना काकूंनी विचारलं, "माझं काय चुकलं का रं लेकरा?"

"सगळंच चुकलं," मी म्हणालो.

त्या खिडकीकडे वळल्या. चहा राहूनच गेला. खोटं तर त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आमच्याकडं कामगार म्हणजे कोयता घेऊन गेलेला माणूस. सभासद म्हणजे ज्याला सर्वसाधारण सभेची चिठ्ठी येते, सतरंजीवर बसायला जागा मिळते. नऊ वर्षांत कमावलेला तो एकमेव मान मी त्यांना सोडायला सांगत होतो, आणि तेही आधी न सांगता. शिबिरात मी सगळी कलमं पाठ केली. तुम्ही स्वतःला काय म्हणता, हे काकूंना एकदाही विचारलं नाही.

मग मी दारोदार फिरलो. साक्षीला या, एवढंच मागणं. "बघू की," "आमची म्हैसबी तिथंच दूध घालती बाबा," असं ऐकत उंबऱ्यावरून परत. काकू मात्र रोज सकाळी आपल्या म्हशीचं दीड लिटर घेऊन त्याच रांगेत उभ्या राहायच्या. पुढचा बोलायचा नाही, मागचा बोलायचा नाही. भाचा माप भरायचा, त्या किटली झाकून निघायच्या.

तारखेला बाकावर आम्ही दोघंच होतो. पुन्हा तारीख. दसऱ्यानंतर काकूंच्या घराला कुलूप लागलं. वर्गात पोरीच्या जागेवर दुसरी पोरगी बसते.

प्रकरण अजून बंद झालेलं नाही. तारखा मी एकटा करतो. म्हणून तुम्हाला सांगतोय, तुम्ही ज्या गावात असाल तिथं: उद्या सकाळी दूध घालायला जाल तेव्हा माप धरणाऱ्या माणसाला नेमणुकीचं पत्र आहे का, ते रांगेत, सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारा. नसेल तर त्या माणसाला तुम्ही रोज कामावर पाहता, हे कागदावर लिहा, खाली सही करा, आणि तो कागद त्याच्या हातात द्या. त्याला काढल्यावर नाही. उद्याच.