वहिनीची दांडी

वृंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुधाला विरजण लावत होते. पलीकडून नर्स म्हणाली, "आजी, आधी बसून घ्या." मी बसले नाही. विरजण ढवळलं, भांड्यावर झाकण ठेवलं, आणि मग ओटा धरून उभी राहिले. आदल्या दिवशीच तिला भेटून आले होते. नाकात नळी, आवाज बसलेला, आणि बाईसाहेब मला विचारतात, "वहिनी, गच्चीवरचा अँटेना वळतोय ना?" मी म्हटलं, "तो वळतोय. तू आधी कुशीवर वळ." ती हसली... हसताना तिला खोकला आला आणि नर्स माझ्यावरच ओरडली.

महिना उलटून गेला. लोक म्हणतात, आता दुःख ओसरलं असेल. दुःखाचं ठाऊक नाही, राग मात्र रोज चढतोच आहे. तो कुणावर ते सांगते, पण आधी वृंदा कोण ते सांगायला हवं.

वृंदा माझी धाकटी नणंद. लग्न होऊन मी निगडीत आले तेव्हा ती शाळेत होती आणि मी एक नंबरची शहाणी. शेंडेफळ नणंदेनंसुद्धा आपल्याला 'अहो वहिनी' म्हणावं म्हणून मी गजरा माळून रुसून बसायची. तिनं शेवटपर्यंत 'अगं'च म्हटलं. पुढं ती शिकली, कॉलेजात शिकवू लागली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही आणि आमच्याच वरच्या मजल्यावर राहिली. तिचं संशोधन कशावर आहे हे मला कुणाला सांगता यायचं नाही. बायकांनी विचारलं की मी ठोकून द्यायची, "ती अवकाशात असते." एकदा तिनं माझा पोळपाट उलटा करून पाहिला. तो सरकू नये म्हणून मी खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली होती. "हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "शिकवतंय कोण? पोळपाट विकणारा थोडाच पोळ्या लाटतो!" तशी ती ओट्यावरच चढून बसली. "अगं, हाच माझा विषय! ज्याचं अडतं तोच आधी वाट शोधतो. आणि सापडली की शेजारणीला सांगून मोकळा होतो." हेच ती अवकाशाच्या क्षेत्रात बघत होती. उपग्रह म्हणजे सरकारचं आणि बड्या कंपन्यांचं काम, असं आपण धरून चालतो. पण उपग्रहांचे संदेश आपापल्या गच्चीवर घरी बनवलेल्या अँटेनानं टिपणारी हौशी माणसं जगभर आहेत. ती एकमेकांना आराखडे फुकट देतात, चुका दाखवतात. उपग्रह एकाच्या गच्चीवरून मावळला की दुसऱ्याच्या गच्चीवर उगवतो, आणि सगळ्यांनी ऐकलेलं एका जागी जमा होतं. कॉलेजच्या पोरांनी बनवलेला चिमुकला उपग्रह वर जाऊन जिवंत आहे की गप्प झालाय, हे कितीदा याच माणसांना आधी कळतं. वृंदा त्यांच्यावर लिहायची. नुसतं लिहून भागेना, तेव्हा तिनं आमच्याच गच्चीवर अँटेना उभा केला. अॅल्युमिनियमच्या नळ्या आणि त्या उपग्रहामागे आपोआप वळवायला कुदळवाडीच्या भंगारातून आणलेली मोटर.

पहिल्यांदा उपग्रह डोक्यावरून जाणार होता त्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसून, केस विंचरून गच्चीवर हजर. माझे केस तेव्हा नुकते पिकायला लागले होते, अक्कल पिकायची बाकी होती. "आपण दिसतो ना गं त्याला?" वृंदा गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "दिसतो तर. पदर नीट घे." आणि मी घेतला! वर थोडं हसलेसुद्धा, फोटो काढताना हसतात तसं.

आणखी एक पराक्रम. अँटेनाच्या आडव्या नळ्या इतक्या सोयीच्या, की एका सकाळी मी त्यांच्यावर ह्यांचा ओला लेंगा वाळत घातला. मोटर वळायला गेली, लेंगा गुंडाळला गेला, सगळं अडकून बसलं. दुसरी कुणी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. वृंदानं काय करावं? लेंग्याचा फोटो काढून जगभरच्या मंडळींना पाठवला. परदेशातल्या कुणा गृहस्थानं उत्तर दिलं की माझी आईही हेच करते. माणसं कपडे वाळत घालणारच, तर त्यांना जागा द्या. त्यानं अँटेनाच्या खांबाला, मोटरच्या खाली, न फिरणारी एक दांडी आखून आराखडा परत पाठवला. वृंदानं तिला नाव दिलं 'वहिनीची दांडी'. त्या नावानिशी ती कुठल्या कुठल्या देशांतल्या गच्च्यांवर गेली. मी मेले कधी दिल्लीलासुद्धा गेले नाही.

त्या मंडळींचा नियम एकच. आराखडा कुणीही घ्यावा, हवा तसा बदलावा, पण केलेली सुधारणा सगळ्यांसाठी उघडी ठेवावी. मंदार हा वृंदाचा विद्यार्थी. आमच्या गच्चीवर बसून कांदेपोहे खात तो हे सगळं शिकला. पुढं तळवड्यात त्यानं कंपनी काढली आणि तोच आराखडा घेऊन अँटेना फिरवायचं यंत्र विकू लागला. विकायलाही हरकत नव्हती. पण त्यानं केलेल्या सुधारणा दडवून ठेवल्या. मी वृंदाला म्हटलं, "अगं, भांड त्याच्याशी!" तर म्हणाली, "वहिनी, कुणी विरजण नेलं म्हणून आपलं दही कमी होतं का? आज ना उद्या देईल तो." मी म्हटलं, "दही नाही गं कमी होत. पण उद्या तो आपल्याच भांड्याला कुलूप लावेल." ती हसण्यावारी न्यायची. या हसण्याचाही मला राग आहे. भल्या माणसांनी इतकं भलं असू नये!

तेराव्यानंतर मंदारनं कंपनीत शोकसभा ठेवली. वृंदाच्या फोटोला हार, समोर त्याच्या नव्या यंत्राची काळी चकचकीत पेटी. त्यावर सोनेरी अक्षरांत नाव, 'वृंदा'. मला पुढं बोलावून म्हणाला, "काकू, मॅडमना आमची ही आदरांजली." मी पेटी उलटी केली, पोळपाट करावा तशी. साध्या स्क्रूड्रायव्हरनं उघडायचे नाहीत असले स्क्रू, आणि खाली लिहिलेलं, 'उघडल्यास हमी रद्द'.

"अरे, ही उघडत नाही?"

"काकू, डिझाइन आता आमच्या मालकीचं झालंय ना."

"आणि दांडी?"

"ती काढली. प्रोफेशनल दिसत नव्हती." वर म्हणतो, "तुमच्या गच्चीवरचा अँटेना आम्हाला द्या, रिसेप्शनला काचेच्या कपाटात ठेवू. आणि मॅडमचे जुने आराखडे इंटरनेटवरून उतरवायला सांगा, गिऱ्हाइकांचा गोंधळ होतो."

म्हणजे बाईनं जन्मभर जे उघडं ठेवलं, ते बंद करायचं आणि कुलपावर तिचंच नाव घालायचं! हार घालून! मी तिथंच म्हटलं, "मंदार, विरजण नेणाऱ्यानं परत नाही दिलं तरी चालतं. पण शेजारणीचं भांडं नेऊन त्याला आपलं कुलूप लावणाऱ्याला आमच्याकडं काय म्हणतात ते तुझ्या आईला विचार." मागं कुणीतरी खुदकन हसलं... ते हसणं ऐकायला वृंदा हवी होती.

अँटेना मी दिलेला नाही. आराखडे जिथं होते तिथंच आहेत, आणि मी आहे तोवर राहतील. त्यातलं वाचून कळलं नाही, तर सरळ घरी यावं. आमचा जिना बाहेरून आहे, गच्चीच्या दाराला कडी लावत नाही. मापं घ्या, फोटो काढा, नट खोलून बघा. फक्त दांडीवरचे कपडे वाळले असतील तर जाताना खाली आणून द्या.

मोटर अजून कुरकुरत वळते. खाली ओट्याशी मला ऐकू येतं. विरजण लावता लावता हात थांबतो... आणि आपोआप केसांवरून फिरतो. मग मी पदर नीट घेते.